आप्पांना सगळ्यात खाली कसं लिहायचं

ढोकी, रविवार

"सोड की मला! फाटक उघडं हाय, मागं रांग लागलीय, सोड की!"

आप्पा भिंतीवर ओरडत होते. भिंतीला पांढरी चादर टांगली होती, चादरीवर प्रोजेक्टरचं चित्र पडलं होतं, आणि त्या चित्रात लाल ट्रॅक्टरवर फेटा बांधून खुद्द आप्पाच बसले होते. म्हणजे एक आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत आणि दुसरे चादरीवर. चादरीवरचे आप्पा उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन खेळातल्या कारखान्याच्या फाटकापुढं उभे होते. फाटक सताड उघडं होतं. हत्ती गेला असता, आप्पा जात नव्हते.

जात होता तो गणपा. त्याचा निळा ट्रॅक्टर आप्पांच्या कुशीतून सुळकन आत गेला, रिकामा होऊन बाहेर आला, कुठूनसा ऊस भरून आला आणि परत आत गेला. गणपा म्हणजे आप्पांचा पुतण्या. खऱ्या आयुष्यात त्याचा ट्रॅक्टर उतारावर लावल्याखेरीज सुरू होत नाही, आणि ढोकीचं रान असं सपाट की लिंबू ठेवलं तर संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत जागचं हलायचं नाही.

"गणपाची कारखान्यात वळख दिसती," मागून कुणीतरी म्हणालं.

"म्या काय केलं? म्या तर हितं गप बसलोय," गणपा म्हणाला. पण त्याच्या मिशा बसल्या जागी वाढत होत्या.

खोलीत सगळी भावकी कोंबली होती. हसू दाबून दाबून माणसांचे कान लाल झाले होते. हा खेळ जिनं बनवला ती मंगलवहिनी, आप्पांची सून, कीबोर्डावर बोटं आपटत होती. तिचा भागीदार रशीद माझ्याकडं बघत होता. आणि पुण्याहून मुद्दाम बोलावलेला जाणकार, म्हणजे मी, छताकडं बघत होतो.

आप्पा उठले. धोतराचा सोगा सावरला. "सोमवारपर्यंत ही खोली रिकामी करा," ते म्हणाले. "खताची पोती यायलीत." आणि निघून गेले.

धाराशिव, आदला दिवस

मी तिथं कसा पोचलो ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस दुसऱ्याच्या भावकीत नाक खुपसायला एवढ्या लांब का गेला.

रशीद माझा कॉलेजातला दोस्त. मी पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो धाराशिवला परत गेला, कॉम्प्युटर क्लास काढला, आणि एक दिवस त्याचा फोन आला. "यार, आमच्यात फूट पडलीय. तू पंच म्हणून ये. आणि भुकेला ये."

भुकेला गेलो ही माझी शेवटची शहाणी कृती. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यानं मला गुलाबजाम खायला नेलं. धाराशिवचा गुलाबजाम खव्याचा असतो आणि आकारानं एवढा, की एक मी खाल्ला आणि एकावर टेकून बसलो. मग घरी त्याच्या अम्मीनं खिचडी, चिंचेचा आंबट खट्टा आणि खिमा वाढला. "खाव बेटा, शरमाव नक्को," असं म्हणत त्यांनी माझ्या ताटात जो डोंगर केला, त्याच्या पलीकडं बसलेला रशीद मला दिसेना. पुण्यात पाहुण्याला "जेवून आला असाल ना" विचारतात. इथं उत्तर ऐकायच्या आधी डाव पडतो.

जेवता जेवता भांडण कळलं.

खेळ होता ऊसवाहतुकीचा. पाच ट्रॅक्टर, एक फाटक, आणि गाळपाचा हंगाम संपायच्या आत सगळ्यांचा ऊस आत घालायचा. चालकांची नावं आणि मिशा थेट भावकीतून उचललेल्या. भांडण हे, की खेळाची अक्कल कशात लिहायची. रशीद स्क्रिप्ट लिहिणारा. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं, कंसात कंस, जणू मुंग्यांची वरात. मंगलवहिनीची तऱ्हा वेगळी. ती चौकटी लावते. डावीकडं अट, उजवीकडं काम. फाटक उघडं असेल, तर अमक्याला सोड. चौकट उचलायची, दुसरीखाली ठेवायची, वर मराठीत पिवळी टीप चिकटवायची. अक्षर टंकायचं काम फार नाही, आणि जो वाचेल त्याला कळतं.

"ती लहान लेकरांची ठोकळ्यांची गाडी हाय," रशीद म्हणाला. "पाच ट्रॅक्टरला पाचदा तेच लावत बसते. मी एकदाच लिहितो आणि म्हणतो, जेवढे असतील तेवढ्यांना लागू कर. उद्या पन्नास ट्रॅक्टर आले तर वहिनीचा कागद तुळजापूरपर्यंत जाईल."

"आणि तुझं लिहिलेलं कोण वाचतं?"

"कामून वाचायला पाहिजे? चाललं म्हणजे झालं."

हे आमच्या कंपनीतही बोलतात, फक्त वातानुकूलित आवाजात.

खरा पेच खोलीचा होता. वहिनी पूर्वी छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायची. पत्रिका मोबाइलवर गेल्या आणि छापखाना आवरला. आप्पांनी तिला रस्त्याकडची पत्र्याची खोली वापरायला दिली, तिथं तिनं आणि रशीदनं हा उद्योग मांडला. आता खतासाठी जागा हवी होती. आप्पांनी अट घातली की रविवारी भावकीसमोर खेळ दाखवा, पटला तर खोली तुमची. नाहीतर कॉम्प्युटर स्वयंपाकघरात जाणार होता, आणि स्वयंपाकघरात कॉम्प्युटरचा नंबर चूल, दूध, पापड आणि पाहुणे यांच्या मागं लागतो. म्हणजे लागतच नाही.

भावकीला कळावं म्हणून रविवारी वहिनीच्याच चौकटी लावायच्या असं ठरलं. आणि रविवारी काय झालं ते तुम्ही वाचलंच.

ढोकी, रविवारीच, सगळे गेल्यावर

खोली रिकामी झाल्यावर मी जाणकाराचा चेहरा चढवला आणि चौकटींचा कागद उघडला.

त्यात चूक अशी नव्हतीच. पहिली चौकट: फाटक उघडं असेल, तर पाळी आप्पांची. दुसरी: फाटक उघडं असेल, तर पाळी तात्यांची. तात्या म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. मग गणपाचे दोन चुलते वयाप्रमाणं, आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, गणपा.

"वहिनी, हा क्रम कुणी लावला?"

"म्या. कामून?"

"असा का?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी विचारलं, पाणी वरून खाली का वाहतं. "भाऊजी, नावं लिहायची तर आप्पांचं वर येणार. आठ वर्षं पत्रिका जुळवल्या म्या. एकदा एका मामाचं नाव आत्याच्या नवऱ्याखाली गेलं, तर ते मामा मांडवाच्या दारातून परत गेले. अक्षता तशाच हातात धरून."

म्हणजे तिनं खेळाची अक्कल पत्रिकेसारखी जुळवली होती, मानाप्रमाणं. पण कॉम्प्युटरला मान कळत नाही. तो कागद वरून खाली वाचतो, पापणी लवायच्या आत कितीदा तरी. वर वाचलं पाळी आप्पांची, खाली वाचलं तात्यांची, आणखी खाली आणखी कुणाची, आणि प्रत्येक वेळी आधीचं पुसतो. शेवटी जे वाचलं तेच खरं. शेवटी होता गणपा.

"मग आप्पांना खाली न्या," मी म्हणालो, एवढ्या सहज की जणू उशी सरकवायची आहे.

रशीदनं वहिनीकडं बघितलं, वहिनीनं दाराकडं.

"आप्पा रोज येऊन ह्या चौकटी वाचतात," वहिनी म्हणाली. "पिवळ्या टिपा मोठ्यानं वाचतात. सुनेनं सासऱ्याला गणपाच्या खाली लिहिलं, हे कोण सांगणार? तुमी?"

मी पुन्हा छताकडं बघितलं. छताची आणि माझी आता चांगली ओळख झाली होती.

माकणी, सोमवारच्या आधी पोचायला हवं म्हणून लगेच

दुपारी कळलं की आप्पा रुसून लेकीकडं माकणीला गेलेत. रशीदच्या चुलतभावाची जीप होती. तिचे दरवाजे आठवणीनं धरून बसावे लागत, तरी आम्ही तिघं तशीच निघालो. ढोकीतून बाहेर पडताना उसाच्या ट्रॅक्टरांची रांग अशी लांब होती की पहिल्या ट्रॅक्टरवाल्याचं लग्न ठरलं तर शेवटच्याला बारशालाच निरोप मिळाला असता.

जीपमध्ये रशीदनं आपला डाव टाकला. "वहिनी, सोपं हाय. सगळं माझ्या स्क्रिप्टमध्ये घेऊ. तिथं आप्पाला कुठंही ठेवा, खाली, वर, तिरपं. त्यांना काय वाचता येतंय? भिंतीवर तुमच्या चौकटी शोभेला ठेवू."

वहिनी विचारात पडली. मोह मोठा होता. पुण्यात आम्ही पोटासाठी हेच करतो: समोर छान बटण, मागं काय चाललंय ते देव जाणे.

पण मी सकाळी उगाच चाळा म्हणून रशीदची स्क्रिप्ट वाचली होती. "वहिनी," मी म्हणालो, "त्या स्क्रिप्टमध्ये सहावं वाहन कुणाचं आहे ते विचारा."

"कसलं सहावं?"

रशीद एकदम खिडकीबाहेरच्या ज्वारीचा अभ्यास करू लागला.

"एक मोटारसायकल आहे," मी सांगितलं. "ती कुणाला दिसत नाही. फाटक उघडलं की सगळ्यात आधी ती आत जाते. तिचं नाव रशीद आहे."

"यार, तपासायला टाकली होती," रशीद म्हणाला. "काढायची राहिली."

"तरीच म्हणलं, तुमची स्क्रिप्ट लावली की फाटक उघडल्यावर येळ का जातोय," वहिनी म्हणाली. तूर काढलेली रानं, करडईच्या काटेरी पट्ट्या, आणि कणसात आलेली ज्वारी मागं पळत होती. शेवटी ती म्हणाली, "माझ्या चौकटी ऱ्हाऊ द्या. आप्पांना जे सांगायचं ते मी तोंडावर सांगते."

माकणीजवळ धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ऊन कलत होतं. एवढं पाणी की काळ्या रानाला कुणीतरी आरसा विकत आणून दिलाय असं वाटावं. आप्पांची लेक सुरेखाताई आम्हाला बघून आश्चर्य दाखवायच्या भानगडीत पडली नाही, थेट पीठ मळायला लागली. त्या रात्रीच्या माशाच्या रश्श्याविषयी एवढंच सांगतो, की पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानातून वाफ आली, आणि तिसऱ्यानंतर पुण्यात माझ्या बायकोला ठसका लागला. तिनं फोन करून विचारलं सुद्धा.

आप्पा ओसरीवर बसले होते. आमच्याकडं न बघता म्हणाले, "खत सोमवारीच येणार हाय."

वहिनी पदर सावरून खाली बसली. लॅपटॉप उघडला नाही.

"आप्पा, एक विचारू?"

"इचार."

"भावकीची बैठक बसली की तुमी कवा बोलता?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"आदी कामून न्हाय? मान तर तुमचा पैला."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. पान चघळणं थांबलं. "आदी बोललं की मागचा कुणीतरी ते खोडून टाकतंय. गणपाला तर तेवढंच काम हाय. शेवटी बोललं की ते ऱ्हातंय."

मी पुण्यात एका शिबिरात हेच शिकायला दोन दिवस घालवले होते, पंख्याखाली, चहाबिस्किटासकट. पण ते इथं बोलायची वेळ नव्हती.

"तसंच ह्या कॉम्प्युटरचं हाय," वहिनी म्हणाली. "म्या पत्रिकेसारखं लिहिलं, तुमचं नाव वर. ह्यो मात्र बैठकीसारखा चालतोय. शेवटचा शब्द धरतोय. म्हणून तुमाला खाली घ्यावं लागतंय. गणपाभाऊजींच्या बी खाली." शेवटचं वाक्य ती एका दमात बोलली आणि ओसरीच्या फरशीकडं बघत राहिली.

आप्पा उठले, अंगणात पान थुंकून परत येऊन बसले. सुरेखाताई दारात थांबली होती, हातातल्या भाकरीसकट.

"टिपंत काय लिवणार?" आप्पांनी विचारलं.

"तुमी सांगाल ते."

"लिव, शेवटचा शब्द आप्पांचा. पिवळ्यात."

ढोकी, सोमवार

खत दुपारी येणार होतं. म्हणून सकाळीच वहिनीनं सगळा क्रम उलटा लावला, वर गणपा, तळाला आप्पा, आणि चादर पुन्हा टांगली. भावकी या वेळी जास्त जमली, कारण कालची गोष्ट रात्रीत तेर गावापर्यंत पोचली होती, आणि वाटेत तिच्यात आप्पांनी चादर फाडली, गणपाला कारखान्यात नोकरी लागली, असं बरंच काही भरलं होतं.

खेळ सुरू झाला. फाटक उघडलं. लाल ट्रॅक्टर हलला आणि आप्पा आत गेले. टाळ्या पडल्या. आप्पा बाहेर आले, ऊस भरला, पुन्हा आत. पुन्हा टाळ्या, थोड्या कमी. आप्पा पुन्हा आत. आणि पुन्हा. बाकी चौघं फाटकावर तसेच उभे. खुर्चीतले आप्पा पाय हलवत बसले होते. मी त्यांना एवढं खूष पाहिलं नव्हतं, अर्थात मी त्यांना काल सकाळपासूनच पाहत होतो.

"ह्यो खेळ न्हाय," तात्या शेवटी म्हणाले. "ही तर आमच्या घरातली रीत हाय. ती बगायला चादर कशाला लागती?"

भावकीत कुजबुज वाढली. माणसं उठायला लागली. वहिनीनं खेळ थांबवला. मला वाटलं ती आप्पांकडं बघेल. तिनं बघितलं नाही. ती म्हणाली, "एक नियम राह्यलाय. लावते."

रशीद चटकन पुढं झाला. "वहिनी, पाच ठिकाणी कशाला लावता? मी स्क्रिप्टच्या तीन ओळी टाकतो, सगळ्यांना लागू होतंय."

"त्या इंग्रजीत काय काय दडवणार?" तात्या म्हणाले. "तुझी मोटारसायकल का?"

मोटारसायकलीची बातमीही तेरपर्यंत जाऊन आली होती. रशीद खाली बसला. त्याचं म्हणणं खरंच होतं, तीन ओळींचं काम. मी पंच म्हणून एरवी त्याच्याच बाजूनं निकाल दिला असता. पण तीन ओळींवर त्या खोलीत कुणी विश्वास ठेवला नसता, आणि विश्वास नसलेला नियम किती भराभर चालतो याला काय अर्थ?

वहिनीनं एकेक चौकट उघडून अट घातली. भावकी एका सुरात वाचत होती, शाळेतल्या पाढ्यासारखी. गणपाची ट्रॉली नुकतीच रिकामी झाली असेल, तर सगळ्यांचं होईपर्यंत गणपाला पाळी नाही. "बराबर," लोक म्हणाले. मग एक चुलते. मग दुसरे. मग तात्या. वाचणारे आवाज एकेक करून गळत गेले, कारण पुढची चौकट कुणाची ते सगळ्यांना दिसत होतं.

शेवटची चौकट तिनं उघडली. आतापर्यंत खडखडणारा कीबोर्ड पाऊल न वाजवता चालावं तसा वाजला. आता वाचायला कुणी नव्हतं. भिंतीवरची पाल सुद्धा दुसरीकडं बघत होती.

आप्पांनी चष्मा लावला आणि स्वतः वाचलं, एकेक शब्द वेगळा करून. "आप्पांची ट्रॉली. नुकतीच. रिकामी झाली असंल. तर सगळ्यांचं हुईपर्यंत. आप्पांना पाळी न्हाय."

वहिनी उभी होती. हात बाजूला, मान सरळ.

"सगळ्यांचं म्हंजी गणपाचं बी?" आप्पांनी विचारलं.

"व्हय, आप्पा. गणपाभाऊजींचं बी."

"आन् मग?"

"मग परत तुमचीच पाळी. शेवटचा शब्द तुमचाच हाय, वर पिवळ्यात लिहिलंय."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला, जणू अक्षरं पुसून जातील. गेली नाहीत. "लाव," ते म्हणाले.

तिनं लावलं. आप्पा आत गेले, बाहेर आले आणि रांगेच्या मागं जाऊन उभे राहिले. मग एकेक करून सगळे. गणपा सगळ्यात शेवटी आत गेला तेव्हा पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळी भावकी ओरडली, आणि खरा गणपा उठून हात जोडत फिरला, निवडून आल्यासारखा. नंतर तात्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, तो जेवायला हाका येईपर्यंत सोडला नाही. आप्पा मात्र कधी उठून गेले ते कळलंच नाही. खोलीविषयी एक शब्द बोलले नव्हते.

दुपारी खताची ट्रॉली आली. वहिनी खोलीच्या दारात उभी राहिली, एक हात चौकटीवर ठेवून. ट्रॉली दारापाशी आली, मंदावली, आणि तशीच पुढं तात्यांच्या गोठ्याकडं वळली. वहिनीनं हात काढला नाही, ट्रॉली दिसेनाशी झाली तरी.

मी निघताना एस.टी.ची वाट बघत रस्त्यावर उभा होतो. आप्पा पलीकडून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्या पोटात रशीदच्या अम्मीची खिचडी, सुरेखाताईचा रस्सा आणि भलताच अभिमान होता. पुण्यात जाऊन सांगायला गोष्ट पूर्ण करायची होती, म्हणून मी विचारलंच. म्हटलं, आप्पा, सुनेनं तुम्हाला चारचौघांत रांगेच्या मागं पाठवलं, तरी खोली तिलाच ठेवलीत, हे मोठं मन झालं.

आप्पांनी रस्त्यावर लांबवर बघितलं. एस.टी. येत होती.

"ती खोली गळती," ते म्हणाले. "खत भिजलं असतं."